सगळं जग सोडून एकाच देशात!

दोस्तांनो, नरसी नामदेव गावात रात्री दिवा लागला की भोवती पतंग जमतात ना? त्यांतला एखादा करडा, इवलासा पतंग गुलाबी बोंडअळीचा असू शकतो. हो, तीच कपाशीची बोंडं पोखरणारी! पण ही अळी भलतीच फिरस्ती आहे. भारतातल्या भडोचच्या कपाशीवरच्या या किड्याला १८४०च्या दशकात शास्त्रीय नाव मिळालं. पुढे सरकीत लपून ती इजिप्तला गेली, तिथून मेक्सिकोला!

आता याच्या अगदी उलट स्वभावाचे पतंग बघू. नेसार्किइडी हे त्यांच्या कुळाचं नाव. आतापर्यंत माहीत असलेल्या त्यांच्या जाती आहेत १४, आणि त्या सगळ्या फक्त न्यूझीलंडमध्ये. बाकी जगात कुठ्ठेच नाहीत!

पंख पसरले तरी हा पतंग जेमतेम १ सेंटिमीटर भरतो. तो दिव्याची वाट बघत नाही, दिवसाढवळ्या ओलसर जंगलात उडतो. त्याच्या अळ्या तर मला फारच आवडतात. शेवाळात त्या रेशमाचे बारीक बोगदे विणतात आणि त्यातच राहून शैवाल, बुरशी, कुजका पाला खातात. आणि याचे जवळचे नातलग कोण, माहीत आहे? त्यांतला एक म्हणजे न्यूझीलंडचाच हिरवा पुरिरी पतंग! त्याच्या मादीचे पंख १५ सेंटिमीटरपर्यंत पसरतात. एकाच घराण्यात मुंगी आणि हत्ती!

पतंगांच्या वंशवृक्षात नेसार्किइडी ही अगदी बुडाजवळची, जुनी फांदी आहे. न्यूझीलंडची जमीन सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन नावाच्या महाखंडापासून सुटली आणि समुद्रात एकटी पडली. अशा एकट्या जमिनीवर, दुसरीकडे कुठेही न आढळणारे जीव टिकून राहतात.

आणि गंमत ऐका. त्या काळात आपला भारतही बेटच होता! तोही गोंडवनातून सुटून उत्तरेकडे सरकत होता. वाटेत, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, लाव्ह्याचे प्रचंड थर साचले. त्यांपासून बनलेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊनच आपल्या कयाधू नदीकाठची काळी माती बनली. पुढे, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, भारत आशियाला धडकला. दोन्ही जमिनी जोडल्या गेल्या आणि इकडचे जीव तिकडे, तिकडचे इकडे येऊ-जाऊ लागले. न्यूझीलंड मात्र आजही बेटांचाच देश आहे.