टाके पिकू नयेत म्हणून, चिरा देण्याआधी

मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात साधारण दहा हजार कोटी जिवाणू असतात. पृथ्वीवर एवढी माणसंसुद्धा नाहीत! आतड्याच्या भिंतीआड ते गुण्यागोविंदाने नांदतात. पण कर्करोगाची गाठ काढायला सर्जन तीच भिंत कापतात, तेव्हा अवजारं कितीही निर्जंतुक असली तरी काही जिवाणू जखमेत उतरतातच. तरीही बहुतेक रुग्णांचे टाके पिकत नाहीत. हे घडतं कसं?

उत्तराचा मोठा भाग अँटिबायोटिकच्या इंजेक्शनमध्ये आहे आणि ते कधी दिलं यात आहे.

बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही थक्क करतो. त्यांनी गिनीपिगच्या कातडीत जिवाणू टोचले आणि अँटिबायोटिक वेगवेगळ्या वेळी दिलं. जिवाणूंच्या आधी किंवा त्यांच्यासोबत औषध पोचलं, तेव्हा संसर्ग जवळजवळ डोकं वर काढू शकला नाही. तीन तासांनी दिलेलं औषध मात्र न दिल्यासारखंच ठरलं. बैल गेला आणि झोपा केला!

याचं कारण जखमेतच आहे. चिरा पडला की रक्त गोठतं, सूज येते, कापलेल्या रक्तवाहिन्या बंद होतात. त्या गुठळीत अडकलेल्या जिवाणूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. इकडे पोषक वातावरणात ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो; या वेगाने तीन तासांत एकाचे 512. म्हणून चिरा पडतो त्या क्षणी औषध तिथल्या ऊतींमध्ये हजर असावं लागतं. इंजेक्शन साधारणपणे आधीच्या तासाभरात देतात ते यासाठीच. ऑपरेशन लांबलं, तर काही औषधांचा डोस मध्येच पुन्हा देतात.

बऱ्याचदा सेफाझोलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी वापरतात. सेफाझोलिन ई. कोलाय आणि कातडीवरच्या जिवाणूंना आवरतं. मेट्रोनिडाझोलची करामत वेगळीच. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जिवाणूच्या आत शिरल्यावरच त्याचं रूप बदलतं आणि ते त्याचा डीएनए तोडतं. आतड्यात अशाच जिवाणूंची बहुसंख्या असते! काही ठिकाणी आदल्या दिवशी पोट साफ करताना अँटिबायोटिकच्या गोळ्याही देतात. त्यातलं निओमायसिन रक्तात फारसं शोषलं जात नाही, म्हणूनच ते आतड्यात राहून काम करतं.

याचा परिणाम किती? वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात आतड्याच्या ऑपरेशनांवरच्या 260 चाचण्या आणि 43 हजारांहून अधिक रुग्ण होते. अँटिबायोटिकशिवाय शंभरातल्या सुमारे 39 जणांची जखम पिकत होती; ते दिल्यावर हे प्रमाण 13 वर आलं.

मग टाके निघेपर्यंत औषध चालू ठेवलं तर आणखी बरं? नाही. प्रतिबंधासाठी दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशन संपल्यावर लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं. जादा दिवसांनी संरक्षण वाढत नाही. औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र वाढतात. आतडं फुटून पोटात आधीच पू झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे औषध प्रतिबंधासाठी नसून उपचारासाठी असतं आणि ते डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायलाच हवं.

घरात कुणाचं आतड्याचं ऑपरेशन ठरलं, तर डॉक्टरांना जरूर विचारा: अँटिबायोटिक कधी देणार आणि कधी थांबवणार? ते लवकर थांबवलं म्हणून घाबरू नका. आणखी डोसांचा आग्रह तर मुळीच धरू नका.