मुराकामींचे परतणे

टोकियोत जाझ संगीताचा बार चालविणाऱ्या एका तरुणाने १९७८ साली बेसबॉलचा सामना पाहता पाहता कादंबरी लिहिण्याचे ठरविले आणि पुढच्याच वर्षी ती पुरस्कारप्राप्तही ठरली. हारुकी मुराकामी यांची ही कथा आता दंतकथेसारखीच सांगितली जाते. स्वतःची शैली सापडावी म्हणून त्यांनी आरंभीची पाने आधी इंग्रजीत लिहून मग जपानीत आणली होती. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘नॉर्वेजियन वुड’ लाखोंनी खपली, पण त्या गाजावाजाने हा एकांतप्रिय लेखक गुदमरला. १९९१ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली.

मायदेशी ते परतले ते १९९५ च्या दोन आघातांनंतर. जानेवारीत, जिथे त्यांचे बालपण गेले तो कोबेचा परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. मार्चमध्ये ओम शिनरिक्यो पंथाच्या अनुयायांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. मुराकामींनी त्यातून वाचलेल्या सामान्य प्रवाशांना बोलते केले. १९९७ चे ‘अंडरग्राउंड’ हे पुस्तक त्या मुलाखतींतून उभे राहिले. मांजरे, विहिरी आणि स्वप्ने यांत रमणारा हा कादंबरीकार येथे जाणीवपूर्वक मागे सरतो. नोबेलच्या चर्चेत या पुस्तकाचा उल्लेख क्वचितच होतो, हे खटकते. पुढे त्यांनी त्या पंथाच्या आजी-माजी अनुयायांचेही म्हणणे तितक्याच शांतपणे ऐकून घेतले.