सार्वजनिक संस्थांची अन्नखरेदी आणि स्थानिक संकलन केंद्रे

शाळा, रुग्णालये, वसतिगृहे, कारागृहे आणि बालसंगोपन केंद्रे यांच्या स्वयंपाकघरांत रोज शिजणाऱ्या अन्नाचा खर्च पुष्कळ अंशी सरकारी तिजोरीतून भागविला जातो. हा पैसा अखेर कोणत्या उत्पादकाच्या हाती पडतो, या प्रश्नाकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष बरेच उशिरा वळले. प्रचलित पद्धती अशी की, संस्थेने निविदा मागवाव्या, सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी आणि माल कोठून आला याची चौकशी करू नये. संस्थेच्या कुंपणापलीकडे भाजीपाला पिकविणाऱ्या शेतकऱ्यास या व्यवहारात सहसा स्थान नसते. त्याचा माल हलका असतो म्हणून नव्हे; तर ठराविक वेळी, ठराविक वजनाचा, एकसारख्या प्रतीचा माल बीजकासह नित्य पोहोचविणे हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील काम नाही म्हणून.

ही उणीव भरून काढणाऱ्या संघटनेस अमेरिकेत ‘फूड हब’ हे नाव रूढ झाले आहे. तेथील कृषिखात्याने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेने या संज्ञेस निश्चित अर्थ दिला. प्रामुख्याने परिसरातील उत्पादकांचा, आणि तो कोणाचा हे ओळखता येईल असा शेतमाल एकत्र करणे, त्याचे वितरण व विक्री करणे आणि त्यायोगे घाऊक, किरकोळ व संस्थात्मक मागणी पुरविण्याची उत्पादकांची शक्ती वाढविणे, हे कार्य करणारी संघटना म्हणजे फूड हब, असा त्या व्याख्येचा आशय आहे. फिलाडेल्फिया येथे २००८ साली स्थापन झालेली ‘द कॉमन मार्केट’ ही ना-नफा तत्त्वावरील संस्था याचे परिचित उदाहरण होय. महाराष्ट्रातील वाचकास ही कल्पना सर्वस्वी नवी वाटणार नाही. तालुक्याचा सहकारी खरेदी-विक्री संघ आणि गावचे दूध संकलन केंद्र त्याच्या पाहण्यातले आहे. तथापि दूध संकलन केंद्राच्या मागे सर्व दूध उचलणारा संघ उभा असतो. फूड हबला असा हक्काचा ग्राहक नसतो, आणि त्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

या केंद्राचा जमाखर्च थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. शीतगृह, मालमोटार, धुण्या-निवडण्याची जागा, चालक व हिशेबनीस यांवरील खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. मालमोटार निम्मी भरली काय किंवा पूर्ण भरली काय, चालकाचे वेतन आणि इंधनाचा खर्च जवळजवळ सारखाच येतो. यास्तव मालाचे प्रमाण वाढल्याखेरीज केंद्र स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही. शाळा हा मोठा व नियमित ग्राहक खरा. पण अमेरिकेच्या उत्तर भागात भाजीपाल्याचा भर उन्हाळ्यात असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांना दीर्घ सुट्टी असते. शिवाय शाळेच्या स्वयंपाकघरात मनुष्यबळ थोडे असल्यामुळे तेथे सोललेले व कापलेले गाजर हवे असते. मातीने माखलेले ताजे गाजर कितीही चांगले असले तरी आचाऱ्याला ती ब्यादच वाटते. यात पैशाच्या मुदतीचा प्रश्न मिसळतो. शेतकऱ्यास मालाची किंमत लवकर हवी असते, तर सार्वजनिक संस्थेचे देयक मंजूर होण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. मधल्या काळासाठी लागणारे खेळते भांडवल केंद्रालाच उभे करावे लागते.

अशा केंद्रांस द्यावयाच्या सार्वजनिक साहाय्याचे दोन मार्ग संभवतात. इमारत, यंत्रसामग्री व प्रारंभीचा आस्थापना खर्च यांसाठी एकरकमी अनुदान देणे हा पहिला मार्ग. तो शासनास सोयीचा वाटतो, कारण त्यातून दाखविता येण्याजोगी वस्तू उभी राहते. पण शीतगृह बांधून दिल्याने शीतगृहातील मालास गिऱ्हाईक मिळते असे नाही. अनुदानाची मुदत संपल्यावर केंद्राचा स्थिर खर्च तेवढाच राहतो आणि उत्पन्न मात्र खरेदीदाराच्या मर्जीवर अवलंबून असते. दुसरा मार्ग खरेदीदार संस्थेच्या बाजूने जातो. संस्थेचे नियम व तिची आर्थिक स्थिती अशी बदलावयाची की, स्थानिक माल घेणे तिला शक्य आणि फायद्याचे व्हावे.

अमेरिकेत या दुसऱ्या मार्गावरील पावले हळूहळू पडत गेली. शालेय भोजनासाठी प्रक्रिया न केलेला शेतमाल घेताना भौगोलिक जवळिकीस झुकते माप देण्याची मुभा २००८ च्या कृषी कायद्याने दिली. २०१० च्या बालपोषण कायद्याने शेत व शाळा यांचा संबंध जोडणाऱ्या योजनांसाठी वार्षिक ५० लाख डॉलरांची तरतूद केली. देशाचा विस्तार पाहता ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. ‘माल स्थानिक असावा’ ही अट निविदेतच घालण्याची परवानगी मात्र १ जुलै २०२४ पासून मिळाली. दरम्यान काही राज्यांनी स्वतःचे प्रयोग केले. मिशिगनमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या योजनेत राज्यातील फळे, भाज्या व कडधान्ये घेणाऱ्या शाळांस दर जेवणामागे १० सेंटपर्यंत जोडअनुदान मिळू लागले. न्यूयॉर्क राज्याने २०१८ साली निराळा प्रकार अवलंबिला. दुपारच्या जेवणाच्या अन्नखर्चापैकी किमान ३० टक्के रक्कम राज्यातील मालावर खर्च करणाऱ्या शाळांस दर जेवणामागे मिळणारे राज्याचे अनुदान ५.९ सेंटांवरून २५ सेंटांपर्यंत वाढविण्यात आले. या योजनेतील प्रलोभन मोठे आहे, पण ते एकाच पायरीवर ठेवलेले आहे: २९ टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्या शाळेच्या पदरी काहीच पडत नाही. राज्यातील दूधही या गणनेत धरले जात असल्यामुळे ३० टक्क्यांतील बराच भाग दुधानेच भरून काढता येतो, आणि लहान भाजी उत्पादकास मिळणारा वाटा त्या मानाने कमी होतो.

ब्राझीलने हा प्रश्न ऐच्छिक प्रोत्साहनावर न सोडता कायद्याने बांधून टाकला. कुटुंबशेती करणाऱ्यांकडून धान्य-भाजी खरेदी करून ती सामाजिक संस्थांस पुरविण्याची योजना तेथे २००३ पासूनच होती. जून २००९ च्या शालेय भोजन कायद्याने पुढचे पाऊल टाकले. केंद्र सरकारकडून भोजनासाठी मिळणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के भाग कुटुंबशेतकरी वा त्यांच्या संघटना यांच्याकडील थेट खरेदीवर खर्च झाला पाहिजे, असे बंधन त्याने घातले; २०२५ च्या दुरुस्तीने हे प्रमाण जानेवारी २०२६ पासून ४५ टक्के केले आहे. या योजनेखाली सुमारे ४ कोटी विद्यार्थी येतात, हे ध्यानात घेतल्यास या बंधनाचे आर्थिक वजन कळून येते. अशा खरेदीस निविदेची गरज नाही. जाहीर आवाहन करावयाचे, आणि दर स्थानिक बाजाराशी सुसंगत असला म्हणजे पुरे. वाहतूक व बांधणीचा खर्चही त्या दरात धरला जातो. एका कुटुंबाने वर्षाकाठी किती विक्री करावी यावर मर्यादा असल्यामुळे मोठ्या जमीनदारास या वाटेने शिरकाव करणे कठीण जाते.

या कायद्यातील सर्वांत उद्‌बोधक भाग त्यातील अपवादांचा आहे. तीन परिस्थितींत खरेदीदारास या बंधनातून सूट मिळते: विक्रेत्यास रीतसर बीजक देता येत नसेल, पुरवठा नियमित व अखंड होणे शक्य नसेल, किंवा आरोग्यदृष्ट्या आवश्यक स्वच्छतेची व्यवस्था नसेल. बारकाईने पाहिले असता, एकट्या शेतकऱ्याच्या ज्या तीन उणिवा, त्याच येथे कायद्याच्या भाषेत उतरल्या आहेत. आणि त्या भरून काढणे हेच संकलन केंद्राचे काम होय. म्हणजे कायद्याने मागणी निर्माण केली, आणि ती मागणी कोणाच्या हातून निसटेल हेही त्यानेच सांगितले. जेथे सहकारी संस्था बळकट आहेत तेथे ही मागणी शेतकऱ्यांच्या पदरी पडते. जेथे नाहीत तेथे नगरपालिकेस अपवादाचा आधार घेता येतो. तेव्हा पहिल्या मार्गाचे, म्हणजे भांडवली अनुदानाचे, महत्त्व येथेही नाहीसे होत नाही. ते मागणीच्या मागोमाग आले तर कारणी लागते, इतकेच.

या धोरणावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: स्थानिक माल महाग पडत असेल, तर तो भार मुलांच्या ताटावर का टाकावा? आक्षेप पोकळ नाही. लहान प्रमाणावरील संकलनास खर्च अधिक येतो हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि तो कोणीतरी सोसलाच पाहिजे. ब्राझीलमध्ये तो दरात उघडपणे समाविष्ट आहे आणि न्यूयॉर्कमध्ये राज्य अनुदानात. असा कोणताही बंदोबस्त नसेल, तर तो शेतकऱ्याच्या दरातून कापला जातो किंवा केंद्राच्या तोट्यात साठत जातो; आणि मग केंद्र ‘अकार्यक्षम’ ठरते.

साहाय्य कायद्यात आहे की प्रशासकीय निर्णयात, हा भेद केवळ कायदेपंडितांच्या आवडीचा नव्हे, याचा प्रत्यय २०२५ साली अमेरिकेत आला. महासाथीच्या काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, स्थानिक मालाच्या खरेदीसाठी शाळांकरिता २० कोटी आणि अन्नपेढ्यांकरिता ४० कोटी डॉलरांच्या योजना जाहीर झाल्या होत्या. पुढील फेरीत शाळा व बालसंगोपन केंद्रे यांच्यासाठी सुमारे ६६ कोटी डॉलर जाहीर झाले. परंतु मार्च २०२५ मध्ये कृषिखात्याने ती फेरी रद्द केली. त्या सुमारास उत्तरेकडील शेतकऱ्यांची बियाणे-खरेदी आणि लागवडीची आखणी झालेली असते. खरेदीच्या भरवशावर ज्या केंद्रांनी मालमोटारी व मनुष्यबळ वाढविले होते, त्यांच्याकडे स्थिर खर्च तेवढा शिल्लक राहिला.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे दर्शन अंगणवाड्यांच्या पूरक आहारात घडते. हा आहार पुरविण्यासाठी ठेकेदारांचा उपयोग करू नये आणि शक्यतो ग्रामसमुदाय, बचतगट व महिला मंडळे यांना काम द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला. गटांकडे काम जावे हे तत्त्व कागदावर कोणीच नाकारले नाही. वाद होत राहिला तो निविदेच्या अटींवर. राज्याने २०१६ साली काढलेल्या निविदेच्या अटींमुळे सर्वसाधारण महिला बचतगट स्पर्धेबाहेर राहतात, या तक्रारीवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती निविदा रद्द झाली. न्यायालय अट काढून टाकू शकते. परंतु पिठाची स्वच्छ प्रक्रिया, सूक्ष्म पोषकद्रव्यांचे मिश्रण, प्रयोगशाळेतील तपासणी आणि वेळेवर वाहतूक यांची सोय ते करू शकत नाही, आणि पाच-पंधरा स्त्रियांच्या एकट्या गटालाही ती परवडत नाही. केरळमध्ये कुटुंबश्रीच्या गटांनी ‘अमृतम्’ हे पोषणपीठ एकाच ठरलेल्या घटकप्रमाणाने तयार करून अंगणवाड्यांना पुरविण्याची व्यवस्था बसविली आहे. तेथे गहू केंद्राच्या योजनेतून येतो, आणि तयार झालेले पीठ कोणी घ्यावयाचे हे चक्की सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते.