‘घरूनच करता ना? मग रेट कमी करा!’

माझ्या ओळखीतली एक डिझायनर साताऱ्यात घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं करते. मागे एकदा फोन स्पीकरवर होता आणि मी समोर चहा पीत बसलो होतो. पलीकडून आवाज आला, “मॅडम, घरूनच करणार ना? मग रेटमध्ये थोडं बघा की.” ती शांतपणे म्हणाली, “सर, तुमच्या ऑफिसात बसले तर लॅपटॉप, सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट तुमचं. घरून केलं तर सगळं माझं. मग कमी कसं करू?” पलीकडे जरा वेळ शांतता. मग विषय डेडलाइनवर गेला आणि रेट होता तोच राहिला.

घरचं काम म्हणजे स्वस्त काम, हा गैरसमज क्लायंटचा. पण कंत्राटावर काम करणारेही त्याला खतपाणी घालतात. जुन्या पगाराला 22 दिवसांनी भागलं की दिवसाचा रेट निघाला, असा त्यांचा हिशेब. पगारी रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि नवं काम शोधण्यात जाणारे बिनकमाईचे दिवस या भागाकारात कुठेच नसतात.

त्याहून मोठी गफलत म्हणजे “घरून काम करायची परवानगी मिळेल का?” असं विचारणं. परवानगी नोकर मागतो. नोकर कोण आणि कंत्राटदार कोण, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे 1956 साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात आला होता. मिठागरांत राबणारे अगरिया कंपनीचे कामगार की स्वतंत्र कंत्राटदार, असा तो वाद. काम कोणतं एवढंच नाही, तर ते कसं करायचं यावरही मालकाचा ताबा आहे का, हे कोर्टाने पाहिलं आणि अगरियांना कामगार ठरवलं. पुढच्या निकालांत ताब्याच्या जोडीला साधनं कुणाची, यासारख्या गोष्टीही तपासल्या गेल्या. म्हणजे नऊ ते सहा आमच्याच खुर्चीत बसा, रजा विचारून घ्या, असं म्हणणारा क्लायंट तुम्हाला नोकरासारखं वागवतो. फक्त नोकराचे फायदे देत नाही.

तेव्हा जागा तुमची, हे गृहीत धरूनच बोलणीला बसावं. घासाघीस करायची ती बाकीच्या गोष्टींवर. फोनला उत्तर कोणत्या वेळेत मिळेल? दुरुस्त्या किती? महिन्यातून प्रत्यक्ष भेटी किती, आणि येण्याजाण्याचा खर्च कुणाचा? क्लायंटची हरकत दर वेळी आडमुठेपणाचीच असते असं नाही. ग्राहकांची माहिती बाहेर जाईल ही भीती रास्त आहे. तिथे “काम तुमच्याच लॅपटॉपवर करते, पण घरून” एवढ्याने बहुतेकदा गाडी पुढे सरकते.

स्टँप पेपर नाही म्हणजे करार नाही, असंही सर्रास समजलं जातं. 1872 च्या करार कायद्यात तोंडी करारही वैध ठरू शकतो. अडचण असते ती पुराव्याची. मेलवर झालेला करार केवळ मेलवर झाला म्हणून रद्द ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. साताऱ्याची मैत्रीण फोन ठेवला की लगेच पाच ओळी पाठवते: “ठरल्याप्रमाणे काम साताऱ्याहून. सोमवार ते शुक्रवार 11 ते 4 फोनवर उपलब्ध. दोन दुरुस्त्या; तिसरीपासून वेगळा आकार. बिलानंतर 30 दिवसांत पैसे. बरोबर आहे ना, एवढं कळवा.” “ओके” आलं की काम सुरू.

पैसे दिले म्हणजे कामाचे हक्कही आपले, असं क्लायंट धरून चालतो. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट सहसा मालकाचा असतो. कंत्राटदाराचं लेखन किंवा सॉफ्टवेअरचा कोड मात्र, वेगळा करार नसेल तर, कंत्राटदाराचाच राहतो. (पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचं गणित उलटं आहे.) हक्क द्यायचे तर ते लेखी, तुमच्या सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. बोलणीत हातात ठेवायचा हा हुकमाचा पत्ता, आणि बहुतेक जण तो न बघताच टाकून देतात.

“काम संपल्यावर दोन वर्षं आमच्या स्पर्धकाकडे जायचं नाही” या कलमाला घाबरू नका. करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते सहसा टिकत नाही. करार चालू असतानाचं बंधन मात्र टिकू शकतं. कल्याणच्या कारखान्यातल्या गोलिकरींच्या खटल्यात 1967 साली सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. गुप्ततेची अट तर पाळायचीच.

परराज्यातला क्लायंट घेतला की जीएसटी नोंदणी सक्तीची, हेही खरं नाही. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर ऑक्टोबर 2017 पासून ही सक्ती नाही.

राहिले पैसे. “आमच्याकडे 90 दिवसांचीच पद्धत आहे” हे उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करारातही मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. करारच नसेल तर ती 15 दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ही नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा. आधार आणि पॅन लागतं, फी एक रुपयाही नाही. पैसे मागणारी वेबसाइट सरकारी नव्हे.