तासिकेत न मावणारी कौशल्ये

अभियांत्रिकीच्या पदवीधराला तुळईवरचा भार काढता यावा, सर्किट जुळवता यावे, ही अपेक्षा जुनीच आहे. त्याशिवाय, शाखा स्थापत्य असो वा संगणक, काही क्षमता प्रत्येकाकडे असाव्यात असे मानले जाते. गटात काम करणे, तांत्रिक गोष्ट सामान्य माणसाला समजेल अशी सांगणे, खर्चाचा आणि मुदतीचा अंदाज बांधणे, आपल्या निर्णयाचा समाजावर व पर्यावरणावर होणारा परिणाम ओळखणे, नैतिक जबाबदारी पेलणे आणि पदवीनंतरही शिकत राहणे या त्या क्षमता. त्यांना ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणून प्लेसमेंटच्या तयारीत ढकलले जाते, हे मात्र चुकीचे आहे. पुलाच्या खर्चाचा अंदाज चुकवणारा अभियंता मुलाखतीत कितीही छान बोलला, तरी त्याचे शिक्षण अपुरेच राहिलेले असते.

या क्षमता अभ्यासक्रमाच्या अटींत आल्या त्या 1990 च्या दशकात. अमेरिकेतील ‘एबेट’ या मूल्यांकन संस्थेने तेव्हा नवे निकष आणले. विद्यार्थ्याला काय शिकवले यापेक्षा त्याला काय करता येते, हे त्यांत पाहिले जाऊ लागले. निकषांतील अकरा निष्पत्तींपैकी सहा अशाच सर्वसाधारण कौशल्यांच्या होत्या. भारतात हा विचार वॉशिंग्टन कराराच्या वाटेने रुजला. सहा देशांतील संस्थांनी 1989 मध्ये केलेल्या या करारामुळे सदस्य देश एकमेकांच्या मूल्यांकित अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानतात. 2014 मध्ये भारताचे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, म्हणजे एनबीए, त्याचे पूर्ण सदस्य झाले. मंडळाच्या तेव्हाच्या बारा निष्पत्तींत नीती, संघकार्य, संवाद, प्रकल्प व्यवस्थापन आणि आजीवन शिक्षण यांना गणित-विज्ञानाच्या बरोबरीने जागा मिळाली.

यादी आली, पण ती वर्गात उतरवायची कशी? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन श्रेयांकांचा ‘संवाद कौशल्ये’ हा स्वतंत्र विषय. तो उपयोगी असला तरी अपुरा आहे, कारण सांगण्याजोगे तांत्रिक काही हाती नसताना संवादाचा सराव पोकळ राहतो. दुसरा मार्ग कागदी आहे. प्रत्येक विषयाची उद्दिष्टे पदवीच्या निष्पत्तींशी जोडणारा तक्ता प्राध्यापक भरतात आणि चौकटींत 1, 2, 3 असे आकडे टाकतात. तपासणी समितीला तो दाखवावा लागतो. तक्त्यात थर्मोडायनॅमिक्ससमोर ‘संघकार्य : 2’ असे लिहिले, म्हणून प्रयोगशाळेतल्या वीस जणांच्या बॅचमध्ये वाचने घेणारे दोघे आणि जर्नल उतरवून काढणारे अठरा हे चित्र बदलत नाही.

कौशल्ये कामातूनच येतात, या समजुतीवर उभे असलेले जुने उदाहरण डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाचे आहे. 1974 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात सत्राचा साधारण निम्मा वेळ गटाच्या प्रकल्पाला जातो. समस्या आधी येते आणि तिला लागणारा सिद्धान्त व्याख्यानांतून मिळतो. परीक्षाही गटाला समोर बसवून घेतली जाते, पण गुण प्रत्येकाला वेगळे मिळतात. या गटपरीक्षेवर डेन्मार्कच्या सरकारने मध्यंतरी काही वर्षे बंदी घातली होती. नंतर ती उठवण्यात आली.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे काम आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या केंद्राने केले आहे. तेथील विद्यार्थी ठाणे-रायगडमधील नळपाणी योजनांचा अभ्यास करतात. टाकीची उंची आणि पाइपांतील दाब गणिताने निघतो. शेवटच्या वाडीत पाणी का पोचत नाही हे कळायला मात्र ग्रामसेवकाशी बोलावे लागते, वीजबिल पाहावे लागते आणि निष्कर्ष मराठीत मांडावे लागतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’त राज्यातील इतर महाविद्यालयेही अशा कामाशी जोडली गेली.

मूल्यमापन ही यातली सर्वांत अवघड बाजू. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एक जण राबतो आणि चौघांची नावे लागतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्यावर तीन उपाय एकत्र वापरता येतात. कामाच्या नोंदवहीत कोणी काय केले ते दर आठवड्याला लिहिणे, गटातील सहकाऱ्यांनी परस्परांना गुण देणे आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारणे. यासाठी परीक्षकाला प्रत्येक गटामागे बराच वेळ द्यावा लागतो. एका दिवसात वीस प्रोजेक्ट उरकायचे असतील, तर तो मिळत नाही.