सोनं गेलं, सोमल राहिला

कॅनडाच्या उत्तर भागात, 62 अंश अक्षांशावर, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी यलोनाइफ हे शहर आहे. त्याच्या वेशीवरच ‘जायंट’ ही सोन्याची खाण. 1948 साली तिथलं पहिलं सोनं ओतलं गेलं आणि 2004 साली खाण बंद पडली. तोवर सुमारे 70 लाख औंस, म्हणजे 220 टनांच्या आसपास सोनं निघालं होतं. ते केव्हाच तिजोऱ्यांत आणि दागिन्यांत गेलं. मागे राहिली 2 लाख 37 हजार टन विषारी भुकटी: आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आपल्या जुन्या वैद्यांचा सोमल. हिशेब मांडला तर दहा ग्रॅम सोन्यामागे जवळपास अकरा किलो विष!

एवढा सोमल आला कुठून? जायंटचं बरंचसं सोनं आर्सेनोपायराइटमध्ये, म्हणजे लोह, आर्सेनिक आणि गंधक यांच्या खनिजात, अतिसूक्ष्म कणांनी अडकलेलं होतं. दगड पिठासारखा दळून सायनाइडच्या द्रावणात टाकला, तरी द्रावण त्या कणांपर्यंत पोचत नसे. म्हणून खनिज आधी भट्टीत भाजायचं. गंधक आणि आर्सेनिक वायुरूपाने निघून जातात, उरलेला भाग सच्छिद्र होतो आणि सायनाइडला वाट मिळते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने युक्ती नामी. पण धुराड्यातून गेलेली वाफ गार झाली की तिची भुकटी होते, आणि सुरुवातीला दिवसाकाठी सुमारे साडेसात टन सोमल असा हवेत जात होता. तो आसपासच्या बर्फावर बसे. तिथल्या मूळच्या यलोनाइव्ह्ज डेने लोकांचं पिण्याचं पाणी बर्फ वितळवूनही मिळायचं. 1951 साली त्यांच्यातलं एक लहान मूल दगावलं.

त्याच वर्षी धुरातली भुकटी विद्युतभाराने पकडणारं यंत्र बसलं. पकडलेली भुकटी ठेवायची कुठे, तर खाणीतच. रिकामी झालेली आणि मुद्दाम खोदलेली अशी एकूण 15 दालनं तिने भरली गेली. भोवतालची जमीन बारमाही गोठलेली, तेव्हा विष जागचं हलणार नाही, असा विश्वास होता. तो फार दिवस टिकला नाही. खोदकामाने, खाणीत खेळणाऱ्या हवेने आणि वरून खोदलेल्या खड्ड्यांनी ती जमीन वितळू लागली. सोमल पाण्यात विरघळतो. त्यामुळे खाणीत झिरपणारं पाणी सतत उपसून, शुद्ध करूनच बाहेर सोडावं लागतं. पंप थांबवून चालत नाही.

उपाय ठरला तो पुन्हा थंडीचाच, पण या वेळी मुद्दाम आणलेल्या. दालनांभोवती जमिनीत उभ्या नळ्या रोवायच्या. नळी दोन्ही टोकांना बंद, आत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड. तळाशी तो द्रवरूप असतो. खडकाची उष्णता घेऊन तो उकळतो, वायू होऊन वर चढतो. जानेवारीत बाहेर सरासरी उणे 25 अंशांच्या आसपास थंडी असते. नळीच्या डोक्यावरच्या धातूच्या पातळ पात्यांतून उष्णता हवेत जाते, वायूचा पुन्हा द्रव होतो आणि नळीच्या भिंतीवरून खाली ओघळतो. ना मोटर, ना वीज. उन्हाळ्यात वरची हवा खडकापेक्षा उबदार असते, त्यामुळे हे चक्र आपोआप थांबतं आणि उष्णता खाली उतरत नाही. अशा रीतीने भुकटी आणि भोवतालचा खडक उणे 5 अंश किंवा त्याखाली गोठवून ठेवायचा.

या नळीचं मला मनापासून कौतुक आहे. या योजनेचं मात्र तितकं नाही. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. किरणोत्सारी कचऱ्यासारखं ते काळाबरोबर क्षीण होत नाही. शिवाय उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे, आणि नळ्यांची सगळी भिस्त हिवाळ्यावर.

खाण तेव्हा चालवणारी कंपनी 1999 साली दिवाळखोरीत गेली, त्यामुळे निस्तरणं सरकारच्या गळ्यात पडलं. 2022 मधल्या अंदाजानुसार खर्च 438 कोटी कॅनेडियन डॉलर, आणि देखभाल तर कायमचीच. 2014 साली या योजनेला मंजुरी देताना मात्र 100 वर्षांची मर्यादा घातली गेली, दर 20 वर्षांनी फेरतपासणी बंधनकारक झाली आणि कायमस्वरूपी तोडगा शोधण्याचं काम एका स्वतंत्र मंडळाकडे गेलं. अशा तोडग्याचा एक पर्याय म्हणजे आर्सेनिक काचेत कोंडून टाकणं; काचेतून ते पाण्यात फारसं उतरत नाही. अडचण एवढीच, की त्यासाठी आधी ही 2 लाख 37 हजार टन भुकटी दालनांतून उकरून वर आणावी लागेल.