चार टक्क्यांचे मालक

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले की दापोडीला ॲटलास कॉप्को लागते, पुढे चिंचवडला एसकेएफ. एक कॉम्प्रेसरवाली, दुसरी बेअरिंगवाली. साठच्या दशकापासून पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी घरांच्या चुली या पगारांवर पेटल्या. ‘मुलगा एसकेएफला आहे’ म्हटले की स्थळाची निम्मी चौकशी तिथेच संपे. या दोन्ही कंपन्यांची सूत्रे स्टॉकहोमच्या वॉलेनबर्ग घराण्याकडे आहेत, हे मात्र फारसे कुणाच्या गावी नसते. घराण्यालाही त्याचे वाईट वाटत नसावे. असावे पण दिसू नये, असे त्यांचे ब्रीदच आहे.

मूळ धंदा सावकारीचा. नौदलातल्या आंद्रे ऑस्कर वॉलेनबर्गने 1856 मध्ये बँक काढली. रेल्वेचा जमाना होता. 1873 मध्ये त्याच्या सहभागाने डबे आणि रुळांचे साहित्य बनवणारी ‘ॲटलास’ उभी राहिली. दशक सरता सरता मंदी आली आणि आजारी कारखाने बँकेच्या गळ्यात पडले. विकावे तर गिऱ्हाईक नाही. मग ते सुधारणे आले. ॲटलास 1890 मध्ये नव्याने उभी केली गेली. बुडीत कर्जातून कारखानदारी शिकलेले हे घराणे आहे.

पुढे बँकांनी शेअर बाळगण्यावर कायद्याने बंधने आली, तेव्हा 1916 मध्ये बँकेजवळचे शेअर ‘इन्व्हेस्टर’ या वेगळ्या कंपनीत ठेवले गेले. पुढच्याच वर्षी निपुत्रिक क्नूट आणि ॲलिस वॉलेनबर्ग यांनी 2 कोटी क्रोनर देऊन प्रतिष्ठान स्थापन केले. प्रतिष्ठानाच्या शेअरांवरचा लाभांश वैज्ञानिक संशोधनाला जायचा, वारसांच्या खिशात नाही. त्यामुळे वाटण्यांचा प्रश्नच मिटला. आपल्याकडे तिसऱ्या पिढीत भाऊबंदकीने फुटलेली उद्योगघराणी आठवली की या व्यवस्थेतली चतुराई कळते.

खरी गंमत हिशेबात आहे. स्वीडनमध्ये सहसा ‘अ’ शेअरला एक मत, तर ‘ब’ शेअरला एक दशांश. घराण्याच्या प्रतिष्ठानांकडे इन्व्हेस्टरचे भांडवल सुमारे 23 टक्के, पण मते 50 टक्के. इन्व्हेस्टरकडे ॲटलास कॉप्कोचे भांडवल सुमारे 17 टक्के, मते 22 टक्के. गुणाकार केला तर ॲटलास कॉप्कोच्या शंभर रुपयांत प्रतिष्ठानांचे जेमतेम चार. तरीही तिथला सर्वांत मोठा आवाज इन्व्हेस्टरचाच. एबीबी, एरिक्सन, साब, ॲस्ट्राझेनेका अशा परस्परांशी काडीचा संबंध नसलेल्या कंपन्या याच खुंटीला टांगलेल्या आहेत.

1932 पासून 44 वर्षे समाजवादी पक्ष सत्तेत असलेल्या देशाने हे चालू दिले! पैसा देशातच राहतो आणि कारखाने चालतात, एवढ्यावर तडजोड झाली असावी. सत्तरच्या दशकात कामगार संघटनांनी अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ माइडनर यांची योजना पुढे आणली: नफ्यातून दरवर्षी शेअर काढून ते कामगार निधीकडे द्यायचे. 1983 मध्ये कायदा झाला तो दात काढून. नव्वदीच्या सुरुवातीला निधीही गुंडाळले.

या घराण्याची सगळीच पाने उजळ नाहीत. राऊल वॉलेनबर्गने 1944 मध्ये बुडापेस्टमध्ये हजारो ज्यूंना वाचवले. त्याच युद्धात त्याच्या नातलगांच्या बँकेने जर्मन ‘बॉश’च्या अमेरिकी कंपनीची मालकी कागदोपत्री आपल्या नावे घेऊन झाकली. अमेरिकेने बँकेची मालमत्ता गोठवली आणि 1946 मध्ये याकोब वॉलेनबर्गने बँकेचे व्यवस्थापकपद सोडले. जागा घेतली ती धाकट्या भावाने, मार्कुसने.

मतांच्या हिशेबाचेही पुढे तसेच झाले. एरिक्सनमध्ये तर ‘ब’ शेअरला एक हजारांश मत होते. इतर भागधारकांची कुरकुर वाढली आणि 2004 मध्ये ते एक दशांशावर आले. घराण्याची मते घटली. संचालक मंडळातली खुर्ची राहिली.